समोरच्या दारातल्या चपला

यशश्रीला मत्सर नवा नव्हता. एखाद्याची सर्दीची प्रकृती असते, तशी तिची मत्सराची. सांगलीला लहानपणी धाकट्या बहिणीच्या पानात पुरणपोळी आधी पडली तरी हिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. स्वतःच्या लग्नात, समोर अंतरपाट धरलेला असताना, जावेच्या पैठणीचा काठ आपल्यापेक्षा रुंद आहे हे हिने हेरून ठेवलं होतं. बाई मनाने वाईट नव्हे हो. दुसऱ्याचं वाटोळं व्हावं असं तिला कधी वाटलं नाही. दुसऱ्याकडे जे आहे ते आपल्याकडेही असावं, आणि जमलं तर थोडं जास्त असावं, एवढंच तिचं म्हणणं. दुसरा दोष म्हणाल तर तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. पण हा दोष आहे असं तिला वाटतच नव्हतं. आपण मोकळ्या स्वभावाच्या आहोत, असं ती स्वतःच चारचौघांत सांगे.

तर अशी ही यशश्री, चाळिशी ओलांडल्यावर, बेंगळुरूतल्या बसवनगुडीत, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दारात उभी राहून रोज सकाळी दोन निळ्या रबरी चपलांवर जळत असे. चपला तिच्याच मुलीच्या होत्या. ईराच्या. पण त्या समोरच्या दारात काढलेल्या असत, अंबूबाईंच्या पायपुसण्याशेजारी, आणि जेवायची वेळ होईपर्यंत तिथून हलत नसत.

ही चपलांची गोष्ट कळायला आधी शाळेची सांगावी लागेल.

ईरा एकुलती एक. बाप पुष्कर सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर, शांत माणूस, इतका शांत की यशश्रीला कधी कधी त्याला गदागदा हलवावंसं वाटे. ईरा सातवीत गेली आणि जून सरता सरता तिचं पोट दुखायला लागलं. दुखणं सोमवारी जास्त आणि शनिवारी दुपारी गायब. डॉक्टरांनी रक्त पाहिलं, पोटाची सोनोग्राफी केली, सगळं ठीक निघालं. मग यशश्रीने निष्कर्ष काढला की ही नाटकं आहेत. खाली शाळेच्या बसचा हॉर्न वाजला की पोरगी एक मोजा घालून, दुसरा हातात धरून पलंगावर बसून राही. ना रडे, ना बोले. एके दिवशी यशश्रीने तिला दंडाला धरून जिन्यापर्यंत आणलं. तिथे ईराने कठडा असा धरला की बोटं पांढरी पडली. बस निघून गेली, वरच्या मजल्यावरच्या अक्का दार किलकिलं करून बघत राहिल्या, आणि त्या दिवसापासून ईरा शाळेत गेली नाही.

मग जे जे करतात ते सगळं करून झालं. आमिषं, धाक, ग्रहांची शांत, शाळेत मीटिंग. समुपदेशक बाई चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं की हा आळस नाही, हट्टही नाही, मुलीवर कसला तरी ताण आहे आणि तो ती आपल्या परीने सोसते आहे. तिला वेळ द्या, खोदखोदून विचारू नका. यशश्रीने मान डोलावली आणि बाहेर पडता पडता विचारलं, किती वेळ? सोमवारपर्यंत होईल का?

ईरा सोसत होती ती अशी: दहा-दहा तास झोपायची. उठली की कपाटातले कपडे काढून पुन्हा घड्या घालायची. रंगीत पेन्सिली उंचीप्रमाणे लावायची, मोडायची, पुन्हा लावायची. आईने काही विचारलं की "काही नाही" म्हणायची आणि पांघरूण कानापर्यंत ओढून घ्यायची. त्या "काही नाही"ने यशश्रीच्या तळपायाची आग मस्तकात जाई. आपल्याच पोटची पोर, आणि तिच्या पोटात काय आहे ते आपल्याला कळू नये?

त्यात यशश्रीचा धंदा काय, तर शिकवण्या. संध्याकाळी आजूबाजूची मुलं पाठीवर दप्तरं घेऊन गणितं शिकायला तिच्या हॉलमध्ये यायची. त्यांच्या बुटांवरच्या शाळेच्या धुळीचासुद्धा तिला हेवा वाटे. आणि सगळ्यांत जास्त हेवा प्रणिताचा. प्रणिता म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण, मराठी मंडळातली. प्रणिताची दिव्यश्री ईराच्याच शाळेत, ईराच्याच वर्गात. दिव्यश्री भाषण करी, दिव्यश्री बुद्धिबळ खेळे, आणि मंडळाच्या गणेशोत्सवात दर वर्षी गुणगौरवाच्या कार्यक्रमात दिव्यश्रीला नारळ आणि शाल मिळे. यशश्री टाळ्या वाजवी. हात दुखेपर्यंत वाजवी. घरी येऊन पुष्करला म्हणे, त्या शालीचा रंग फारच भडक होता.

असं असूनही रोज फोन प्रणितालाच. ईरा आज जेवली नाही, ईरा आज अशी बसली, ईरा तशी झोपली. दुःख सांगितल्याने हलकं होतं म्हणतात ना. यशश्रीचं रोज हलकं होई.

अशात समोरच्या फ्लॅटमध्ये अंबूबाई राहायला आल्या. मूळच्या निपाणीच्या. मुलगा नागराज बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात. तो उजाडता उजाडता कंपनीच्या बसने जाई आणि म्हातारी दिवसभर एकटी. बोलणं तिकडचं, बाई असून "मी आलो, मी गेलो" म्हणणारं, मध्ये मध्ये कन्नड पेरलेलं. यशश्रीने पहिल्या आठवड्यातच मनात ठरवून टाकलं होतं की बाई अडाणी आहे, पण निरुपद्रवी. अंबूबाईंनी एकदा चकल्या पाठवल्या. त्यांची वाटी परत द्यायला ईराला पाठवलं, ती तासाभराने परत आली. दुसऱ्या दिवशी ती न सांगता गेली. तिसऱ्या दिवशी यशश्री दाराच्या भोकाला डोळा लावून उभी होती.

अंबूबाईंच्या नातीचं, म्हणजे लेकीच्या लेकीचं, मार्गशीर्षात लग्न ठरलं होतं आणि रुखवतासाठी त्या गव्हले करत होत्या. चिरोटी रवा दुधात घट्ट भिजवायचा, त्याचा इवलासा कण चिमटीत धरून दोन बोटांत वळायचा, की गव्हासारखा दाणा होतो. असे दाणे ताटभर, सूपभर, डबाभर करून वाळवायचे. मग त्यांची खीर करतात. खीर काय, कशाचीही होते. पण लग्नात हाताने वळलेले गव्हले नसले तर निपाणीत लोक नावं ठेवतात. तर ईरा तिथे भिंतीला टेकून बसे, मांडीवर ताट घेई, आणि सकाळभर गव्हले वळे. टीव्हीवर कन्नड मालिका चालू असे. अंबूबाई मालिकेतल्या सासूला शिव्या घालत. आणि मध्येच ईरा हसे.

ते हसू बंद दारातून यशश्रीच्या कानावर आलं तेव्हा ती कुकर लावत होती. तिने कुकर खाली ठेवला. दीड महिना ज्या हसण्यासाठी ती देव पाण्यात घालून बसली होती, ते समोरच्या घरात फुकट सांडत होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खरं सांगायचं तर तिला कोणीतरी कानाखाली मारल्यासारखं वाटलं.

पुढे पुढे तर कहरच. घरी "भूक नाही" म्हणणारी पोर समोर ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन येऊ लागली. यशश्रीने ज्वारी आणली, भाकऱ्या थापल्या, त्या कडेला फाटल्या. ईराने अर्धी खाल्ली आणि "छान आहे" म्हणाली, ते "छान" पाहुण्यासारखं होतं. यशश्री पुष्करला म्हणाली की त्या बाईने मुलीवर काहीतरी केलंय. तो म्हणाला, मुलगी हसते आहे ना, मग असू दे की. अशा वेळी नवरा किती निरुपयोगी असतो ते यशश्रीला नव्याने कळलं.

तिला एकच प्रश्न खात होता. ईरा त्या बाईला सांगत असणार. जे आईला सांगत नाही ते सगळं तिला सांगत असणार. नाहीतर एवढा वेळ दोघी करतात काय? गव्हले कोणी एवढा वेळ करतं का?

मग यशश्रीने मत्सरी माणूस जे करतं तेच केलं. तिने गांधी बाजारातून चिरोटी रवा आणला, दूध आणलं, हॉलमध्ये सतरंजी अंथरली आणि ईराला म्हणाली, चल, आपण आपल्या घरी करू. ईराने तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग बसली. आणि इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की ती दुपार सोन्यासारखी गेली. यशश्रीचे गव्हले अळ्यांसारखे होत होते. ईराने तिचं बोट धरून चिमूट किती घ्यायची ते दाखवलं. मुलीचा हात आपल्या हाताला असा कधी लागला होता ते यशश्रीला आठवेना. तिच्या डोळ्यांत कांद्याविनाच पाणी आलं, ते तिने पुसलं. तिथेच थांबली असती तर या गोष्टीचं एवढं काही झालंही नसतं.

पण थांबेल तर ती यशश्री कसली. तिने ताटाचा फोटो काढला. मग ईराच्या बोटांचा काढला. मग ईराचा, खाली मान घालून बसलेलीचा. आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला: आमच्या ईराने वळलेले गव्हले. हातोहात शंभर बदाम आणि अंगठे. "आजकालच्या मुली हे करतात? धन्य ती आई." धन्य ती आई. यशश्रीने ते वाक्य संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा उघडून वाचलं. प्रणिताने तर फोन केला, म्हणाली, आमची दिव्यश्री चहासुद्धा करत नाही गं. ते ऐकून यशश्रीच्या काळजाला जो गारवा मिळाला तो बेंगळुरूच्या हवेतही मिळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सतरंजीचा वर्ग झाला. गव्हले झाले, आता नखाने वळायचे नखुले शिकू. नखुले झाले, मालत्या शिकू. हा दाणा लांब झाला, तो जाड झाला, फोटोत नीट दिसणार नाही. यशश्री शिकवणीवाली होती, तिला दुसरं काही येत नव्हतं. ईरा आधी हळूहळू वळू लागली, मग नुसतीच ताटाकडे बघत बसू लागली. तेवढ्यात मंडळाचे कार्यवाह त्रिविक्रम यांचा फोन आला. यंदा गुणगौरवात पारंपरिक कलेसाठी एक खास सत्कार ठेवतोय, ईराचं नाव घालू का? यशश्रीने श्वास घ्यायच्या आत हो म्हटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांची नावं पुकारलेली ऐकली, आता माझ्या मुलीचं पुकारतील. ईराला ती सांगणार होती. योग्य वेळ बघून सांगणार होती. तोवर तिने खणाचा परकर-पोलका शिवायला टाकला.

योग्य वेळ यायच्या आधी कार्यक्रमपत्रिका आली. फोनवरच आली, रंगीत, वर गणपती, खाली सत्कारमूर्तींचे फोटो. ईरा पुष्करच्या फोनवर काहीतरी बघत होती, तिथे तिला स्वतःचा फोटो दिसला. खाली मंडळाने मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं: "शाळेबाहेर राहून परंपरेचा वसा जपणारी चिमुकली." लिहिणाऱ्याचा काय दोष? यशश्रीने त्यांना सगळं मोकळेपणाने सांगितलं होतं.

ईरा ओरडली नाही. तिने फोन टेबलावर उलटा ठेवला, न्हाणीघरात जाऊन उलटी केली आणि खोलीत जाऊन आतून कडी लावली. सत्काराच्या दिवशी खणाचा परकर दाराच्या खिळ्याला तसाच लटकत राहिला. यशश्रीने दाराशी बसून समजूत घातली, मग रागावली, मग रडली. पुष्करने मंडळाला फोन करून मुलगी आजारी आहे असं सांगितलं. दिव्यश्रीला शाल मिळाली, तिचा फोटो ग्रुपवर आला. तो मात्र यशश्रीने उघडून बघितला नाही.

त्यानंतर ईराने गव्हल्यांना हात लावला नाही. घरी नाहीच, पण समोरही गेली नाही. सकाळ व्हायची, यशश्री दार उघडायची, समोर अंबूबाईंचं पायपुसणं असायचं आणि त्याच्या शेजारी फरशी रिकामी असायची. निळ्या चपला आपल्याच दारात, कपाटाखाली. पेन्सिली पुन्हा उंचीप्रमाणे लागू लागल्या, मग त्याही बंद झाल्या. आता पोरगी नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राही. काय गंमत आहे बघा, ज्या चपला तिथे दिसू नयेत म्हणून या बाईने जिवाचं रान केलं, त्याच तिथे दिसाव्यात म्हणून ती आता सिद्धिविनायकाला नवस बोलायला निघाली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शेवटी एके सकाळी ती स्वतः समोर गेली. जाताना मनात भांडण जुळवूनच गेली. तुम्हाला सगळं माहीत होतं, तुम्ही मला सांगायला हवं होतं, मी तिची आई आहे, असं बरंच काही. अंबूबाईंनी दार उघडलं आणि पहिलं हेच विचारलं की पोर आजारी हाय काय, लई दिस आली न्हाई.

यशश्रीने विचारलं, ती तुम्हाला काय काय सांगायची?

अंबूबाईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, ती कुठं काय सांगती? मीच बोलत असतो. न्हाईतर टीव्ही बोलतो.

म्हणजे शाळेचं काहीच बोलली नाही?

"शाळेचं काय?" अंबूबाईंनी विचारलं. त्यांना वाटत होतं, पोरीची शाळा दुपारची असेल. सकाळी मोकळी असते म्हणून येत असेल. कितवीत आहे तेही त्यांना माहीत नव्हतं. "मी इचारलंच न्हाई बाई. हात चांगला हाय तिचा, म्हणून बस म्हटलं."

यशश्री तिथेच, दाराशी, वेताच्या मोढ्यावर बसली. एवढे दिवस ती ज्या गुपितावर जळत होती ते गुपित नव्हतंच. या बाईने तिच्या मुलीला काहीही दिलं नव्हतं, ना सल्ला, ना माया, ना मंत्र. फक्त विचारलं नव्हतं. एखाद्याने आपल्याकडून काही हिरावून घ्यावं आणि त्याच्या हातात काहीच नसावं, याचाही राग येतो. यशश्रीला आला. पण कोणावर काढायचा ते कळेना.

अंबूबाईंना तिच्या रागाशी देणंघेणं नव्हतं. लग्न जवळ आलं होतं आणि दोन डबे भरायचे राहिले होते. त्यांनी ओल्या फडक्याखालचा गोळा काढला, ताट यशश्रीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, बसलीयस तर वळ स्वल्प. यशश्रीने वळायला सुरुवात केली. फोन घरी राहिला होता. मालिकेतली सासू कोणाला तरी घराबाहेर काढत होती. कोणी तिला काही विचारलं नाही. जेवायच्या वेळेपर्यंत तिचे खांदे, जे जूनपासून कानांना चिकटलेले होते, ते जरा खाली आले. हे आपल्या लक्षात आलंय याचीच तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. घरी ईराला काही म्हणाली नाही. सांगून काय सांगणार?

आणि मग एका सकाळी, अंबूबाईंचं दार नुसतं लोटलेलं होतं, ते ढकलून ईरा आत आली. केस विंचरलेले नाहीत, अंगात झोपायचा फ्रॉक. ती दारात उभी राहून आईकडे बघत होती, आणि ती नजर यशश्रीने क्षणात ओळखली. ओळखणारच. जन्मभर तीच नजर तिने आरशात बघितली होती. समोरच्या दारात आईच्या चपला रोज दिसत होत्या आणि पोरीचा जळफळाट झाला होता. खाण तशी माती, दुसरं काय.

"ती माझी जागा आहे," ईरा म्हणाली.

यशश्री भिंतीपासून सरकली. ईरा तिथे बसली, आईच्या मांडीवरचं ताट ओढून घेतलं, त्यातले गव्हले बघून तोंड वाकडं केलं आणि अर्धे मोडून पुन्हा गोळ्यात घातले. अंबूबाईंनी टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, आलीस व्हय? बरं झालं, तुझ्या आईचा हात लई जड हाय.

कितीतरी वेळ तिघी वळत होत्या. मालिका संपली, जाहिराती लागल्या. अंबूबाई त्यांच्या लहानपणीची एक लांबण लावत होत्या, निपाणीच्या एसटीत त्यांच्या मामाच्या लग्नाला जाताना त्यांना कशी गाडी लागली आणि नव्या मामीच्या शालूवरच कसा प्रसाद पडला. त्या स्वतःच हसत होत्या. तेव्हा ईरा म्हणाली,

"आज्जी, मला पण शाळेच्या बसमध्ये झाली होती उलटी."

ती अंबूबाईंना सांगत होती. आईकडे तिने पाहिलंही नाही. हात चालू होते, दाणे एकसारखे पडत होते आणि ती सांगत होती. पहिल्याच आठवड्यात झालं. बसमध्ये पुढे बसली होती, कोणी बघितलं नाही. मुलांना बसमध्ये चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या अक्कांनी पटकन पुसलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, कोणाला सांगत नाही. त्यांनी खरंच कोणाला सांगितलं नाही. तिने घरी येऊन फक्त आईला सांगितलं.

"आईने प्रणितामावशीला सांगितलं. मावशीने दिव्यश्रीला विचारलं, ईरा बरी आहे का. मग वर्गात सगळ्यांना कळलं. मी आत गेले की सगळे नाक धरायचे."

यशश्रीच्या चिमटीतला कण तिथेच राहिला.

"आईला सांगितलं ना, की ते माझं राहतच नाही," ईरा म्हणाली. "सगळ्यांचं होतं."

यशश्रीच्या तोंडाशी काय काय आलं. मी काळजीने सांगितलं होतं गं. मला काय माहीत. तू मला तेव्हाच का नाही बोललीस, मी शाळेत जाऊन एकेकाला उभं केलं असतं. आणि त्या सगळ्याच्या खाली, लाज वाटावी असा पण जिवंत, आणखी एक विचार: हे तू मला सांगायचं होतंस, हिला नाही. माझ्यासमोर बसून हिला सांगतेस? तिने दातांनी जीभ धरली. खरोखरच धरली, दुखेपर्यंत. ईरा तिरक्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होती, आता काय होतं ते.

अंबूबाई म्हणाल्या, व्हय? वंगाळ पोरं. आणि मग म्हणाल्या, ती चाळण दे इकडं.

चाळण यशश्रीच्या बाजूला होती. तिने ती उचलून दिली. मग चिमटीतला कण वळला, ताटात टाकला आणि दुसरा घेतला. तो वाकडा झाला. तिसराही झाला. पण ती बोलली नाही. बाळंतपणाच्या कळा तिने आरडाओरडा करून काढल्या होत्या; या कळा गप्प बसून काढायच्या होत्या.

दुपारी दोघी घरी आल्या. ईरा जेवली, फार नाही, पण जेवली. संध्याकाळी शिकवणीची मुलं येऊन गेली. पुष्कर आला, त्याने डोळ्यांनीच विचारलं, काही बोलली का? यशश्रीने मान हलवली. नाही. नवऱ्याशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली. हे ईराचं होतं, ते ईराने सांगितलं तर सांगितलं.

दिवेलागणीला प्रणिताचा फोन आला. फोन वाजताना यशश्री स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. प्रणिता नेहमीसारखीच, मायेने, काळजीने विचारत होती: काही कळलं का गं, कशाने झालं? तुझा आवाज वेगळा वाटतोय. बोलून टाक, हलकं होईल. आणि यशश्रीला बोलायचं होतं. इतकं बोलायचं होतं की तव्यावरची पोळी करपली. तुझ्या लेकीमुळे, असंही म्हणायचं होतं. माझ्यामुळे, असंही म्हणायचं होतं. दोन्ही बोलून ढसाढसा रडायचं होतं.

"काही नाही गं," ती म्हणाली. "गव्हले करतोय. समोरच्या बाईंकडे लग्न आहे."

प्रणिता म्हणाली, म्हणजे अजून काहीच बोलत नाही का ती?

"काही नाही," यशश्री पुन्हा म्हणाली. आणि ईराचं "काही नाही" इतके दिवस कुठून येत होतं ते तिला त्या क्षणी कळलं. त्यात रिकामं असं काहीच नव्हतं. फोन ठेवून ती वळली तर दारात ईरा उभी होती, हातात पाण्याचा रिकामा तांब्या घेऊन. केव्हाची उभी होती कोण जाणे.

ईराने तांब्या भरला नाही. ओट्याजवळ आली, करपलेल्या पोळीचा एक तुकडा मोडला आणि तो खाता खाता ताटाकडे बघत म्हणाली,

"आई, अजून एक आहे. ते मी आज्जींना पण नाही सांगितलं."

यशश्रीने गॅस बंद केला आणि काहीही विचारलं नाही.